विदर्भातल्या गावात गाडीचं घर: मे महिन्यात थंड, जानेवारीच्या रात्री उबदार

माझ्या पहिल्या गॅरेजचा कोबा दुसऱ्याच पावसाळ्यात मधोमध उचलला. श्रावणातली चार दिवसांची झड संपली, शटर उघडलं, तर जीपच्या पुढच्या दोन चाकांखालची जमीन दीड इंच वर आलेली आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पसरलेले. उन्हाळ्यात तोच कोबा खाली बसला, पण तडे मिटले नाहीत. आमच्या मिस्त्रीकाकांनी उकिडवं बसून तड्यात काडी घातली आणि म्हणाले, "भाऊ, काया मातीचा भरोसा नोका धरू." म्हणजे काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका. तिथून मी सगळं पुन्हा शिकलो. दुसरं गॅरेज बांधलं ते आज उभं आहे, कोबा सरळ आहे, आणि वडिलांची जीप आणि मी हौसेनं घेतलेली जुनी पद्मिनी गाडी त्यात सुखात आहेत. ते कसं बांधलं, ते इथे क्रमानं लिहितो.

थंड देशांतल्या गाडीवेड्या माणसांच्या गॅरेजमध्ये हीटर आधी ठरतो आणि भिंती नंतर. बर्फात त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ पर्यंत उतरला होता. चव्वेचाळीस अंशांचा हा पल्ला एकाच छपराला पेलायचा आहे. म्हणून आपला क्रम वेगळा: आधी माती, मग छप्पर, मग वारा, मग ऊन, आणि हीटर अगदी शेवटी. पहिली चार कामं नीट झाली तर हीटर लहानसा पुरतो.

हीटर लागतोच कशाला, असं गावात मला बरेच जण विचारतात. शेतकऱ्याच्या घरात गाडीवर काम करायला वेळ कधी मिळतो ते पाहा. पावसाळ्यात पेरणी, डवरणी, फवारणी. दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर, पुढे हरभरा आणि गहू. दिवसाचा वेळ शेताचा. उरते ती हिवाळ्यातली रात्र, जेवणानंतरचे दोन-तीन तास. त्या वेळी पाना इतका गार असतो की बोटं वळत नाहीत आणि नट हातातून निसटून इंजिनाच्या सांदीत जातो. उन्हाळ्यात काम पहाटे पाच ते नऊ. म्हणजे आपलं गॅरेज या दोन वेळांसाठी बांधायचं आहे.

जागा आणि कागद

घराच्या पूर्वेला जागा असेल तर तीच घ्या. दुपारनंतर घराची सावली गॅरेजवर पडते आणि चार ते सहाचं सगळ्यात वाईट ऊन घराच्या भिंती झेलतात. गोठ्यापासून तीस-चाळीस फूट दूर राहा. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. कार्बोरेटरचे पितळी जेट आणि वायरिंगची टोकं हिरवी पडतात. कुटाराची, म्हणजे जनावरांच्या भुशाची, कोठीही शेजारी नको, कारण कुटार तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे साप.

गावठाणातली जागा असेल तर नमुना आठचा उतारा आणि साधा नकाशा घेऊन ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी आधी घ्या. शेतात बांधायचं असेल तर तलाठ्याला भेटून जमीन अकृषक करावी लागेल का ते विचारा. परवानगीत 'स्वतःच्या वाहनांसाठी' हे शब्द असू द्या. दुरुस्तीचा धंदा करायचा असेल तर तो रस्ता वेगळा आणि वीजजोडणीही वेगळी.

माप

दोन गाड्यांसाठी मी २४ फूट पूर्व-पश्चिम आणि २२ फूट दक्षिण-उत्तर असं माप धरलं. अँबेसेडर साधारण १४ फूट लांब, पद्मिनी १३, जुनी जीप ११ फुटांच्या आसपास. गाडीच्या बाजूंना तीन-तीन फूट मोकळे हवेत, नाहीतर दार पूर्ण उघडत नाही आणि खाली सरकायला जागा उरत नाही. दक्षिणेच्या भिंतीला कामाचं टेबल, त्याच्यापुढे उभं राहायला चार फूट. शटर दोन, दोन्ही उत्तरेकडे. एकच गाडी असेल तर १४ बाय २२ मध्ये सगळं बसतं. त्याहून लहान बांधू नका, नंतर ते सामानाची खोली होतं आणि गाडी बाहेर राहते.

भिंतीची उंची ११ फूट. पुढे कधी गाडी उचलायची लिफ्ट बसवायचं मनात असेल तर आताच १२ करा.

माती तपासणं

इथे घाई करू नका. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच भेगा तुमच्या कोब्याखालीही पडतात. घरच्या घरी एक चाचणी करता येते. तीन-चार फूट खोलीवरची मूठभर माती वाळवा, कुटा, बारीक चाळणीनं चाळा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे १०० मिलीचे दोन मोजपात्र घ्या. प्रत्येकात १० ग्रॅम माती टाका, एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काडीनं हलवून हवा काढा आणि एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधल्या थरापेक्षा पाण्यातला थर निम्म्याहून जास्त वाढला, म्हणजे समजा १० चा १५ च्या वर गेला, तर ती माती धोक्याची. आमच्या शेताची माती दुपटीच्या जवळ गेली होती. ही चाचणी भारतीय मानकातलीच आहे. फक्त मोठा खर्च करण्याआधी इंजिनिअरकडूनही ती करून घ्या.

पाया

मुरमाड किंवा खडकाळ जमीन असेल तर तुमचं नशीब चांगलं. चार फूट खोल साधे फुटिंग घालून पुढे जा. काळ्या मातीत दोन मार्ग आहेत.

पहिला, खांबांसाठी खाली बल्ब असलेले पाइल. तोंडाशी एक फूट रुंद आणि साधारण साडेतीन मीटर खोल बोअर घेतात, तळाशी अवजारानं अडीच पट रुंद बल्ब कोरतात, सळई सोडून काँक्रीट भरतात. वरची माती फुगली-आकसली तरी बल्ब खालच्या स्थिर थरात अडकलेला राहतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्या देशातल्या काळ्या मातीसाठीच पुढे आणली. पाइलवरून जाणाऱ्या, भिंत पेलणाऱ्या आडव्या प्लिंथ बीमच्या खाली तीन इंच मोकळी पोकळी ठेवायची. बीम मातीवर टेकवला तर फुगणारी माती त्याला खालून ढकलते. हे मिस्त्रीला सेंटरिंगच्या दिवशी स्वतः उभं राहून दाखवा, कारण सवयीनं तो बीम मातीवरच ओततो.

दुसरा मार्ग कोब्यासाठी, आणि तो मी पहिल्या वेळी चुकवला होता. मी काळ्या मातीवर फक्त सहा इंच मुरूम टाकला होता. आता दोन फूट काळी माती काढून टाकली आणि तिच्या जागी न फुगणारा, थोडा चिकटपणा असलेला मुरूम भरला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कट्टी यांनी दाखवून दिलं की अशा न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा जाड थर खालच्या काळ्या मातीचं फुगणं दाबून धरतो. कालव्यांसाठी हा थर एक मीटरपर्यंत जाड घेतात. गाडीच्या कोब्याला माझे दोन फूट पुरले. २४ बाय २२ च्या जागेला दाबल्यानंतर १०५६ घनफूट, म्हणजे सैल मुरूम साधारण १३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागला. तो एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. टाच जोरात मारली आणि खूण उमटली नाही की पुढचा थर.

खड्डा खणला की तो उघडा ठेवू नका. आठवडाभर ऊन लागलं की तळाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात पाणी त्यांतून थेट खाली उतरतं. म्हणून सगळं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत कोब्यापर्यंत आणा. तेव्हा विहिरीत पाणीही असतं आणि काँक्रीटला सोसेल असं ऊनही.

कोब्याचं काम असं: मुरमावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, जोडांवर एक फूट चढवलेला, म्हणजे जमिनीतला ओलावा वर येत नाही. त्यावर सहा इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट, मध्ये ८ मिमी सळईची सहा इंची जाळी, खाली ठोकळे देऊन उचललेली. एवढ्या जागेला साडेसात घनमीटर काँक्रीट आणि ६० च्या आसपास सिमेंटच्या गोण्या लागतात. उतार शटरकडे, दहा फुटाला सव्वा इंच. दुसऱ्या दिवशी कटर मशीननं दर दहा-बारा फुटांवर दीड ते दोन इंच खोल खाचा पाडा. तडा जायचाच असेल तर त्या खाचेतून सरळ जाईल. मग गोणपाट पसरून किमान १४ दिवस ओलं ठेवा. रंगाचा इपॉक्सी थर २८ दिवसांआधी लावू नका.

बाहेरच्या बाजूनं गॅरेजभोवती पाच फूट रुंद फरशी किंवा कोबा करा, बाहेरच्या दिशेला उतार देऊन. छपराचं पाणी भिंतीच्या पायाशी पडलं तर वरचं सगळं फुकट. आणि झाड? पश्चिमेला कडुलिंब हवासा वाटतो, मलाही वाटला. पण काळ्या मातीत मोठं झाड पायाखालचा ओलावा ओढून घेतं आणि त्या बाजूची जमीन बसते. मी कडुलिंब तीस फूट लांब लावला. पश्चिमेच्या भिंतीला सावली तोवर बांबूच्या ताट्यांवर चढवलेल्या दोडक्याच्या वेलीनं दिली.

दुरुस्तीचा खड्डा

नको. गाडीखाली उभं राहायला खड्डा सोयीचा वाटतो, पण काळ्या मातीत तो पावसाळ्यात झिरपतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्यानं खाली उतरून खड्ड्यात साचते. तिथे उघडा बल्ब किंवा ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. त्याऐवजी लोखंडी रॅम्प आणि चार चांगले जॅक स्टँड घ्या. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावून, गाडी हाताने हलवून पाहिल्यावरच.

भिंती

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा, तिरोडा इथल्या औष्णिक केंद्रांमुळे विदर्भात राखेच्या विटा सहज मिळतात. त्यांना खाच नसते आणि कडा सरळ असतात, म्हणून त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून नऊ इंची पोकळ भिंत छान बांधता येते. मधली हवेची पोकळी ऊन आत यायला उशीर लावते आणि विटाही साधारण पाव भाग कमी लागतात. ही बांधणी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केली. मिस्त्रीला आधी माहीत नसेल तर चार फुटांचा नमुना बांधून घ्या. कोपरे, शटरच्या बाजू आणि जिथे रॅक लटकणार ती जागा भरीव ठेवा.

पश्चिमेच्या भिंतीत एकही खिडकी नको.

छप्पर

मे महिन्यात दुपारी दोनला साध्या टिनावर हात टेकवत नाही. उष्णता टिनातून खाली किरणांसारखी पडते. म्हणूनच पंखा चालू असूनही डोकं तापतं. त्यामुळे तीन गोष्टी एकावर एक करायच्या.

सगळ्यात वर अर्धा मिमी जाडीचं टिन आणि त्याच्यावर पांढरा कूल रूफ पेंट. नवं चकचकीत टिन ऊन परतवतं खरं, पण घेतलेली उष्णता सोडत नाही, म्हणून पांढरा रंग त्याहून चांगला. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. त्याच्याखाली कैच्यांवर ताणून बांधलेल्या जाळीवर दोन इंच जाडीचं रॉकवूल, चकचकीत फॉइल खालच्या बाजूला. फॉइल खाली तोंड करून असली की तिच्यावर धूळ बसत नाही आणि तिचा परिणाम टिकतो. शेवटी सिमेंट बोर्डाचं सीलिंग, बोर्ड आणि फॉइलमध्ये दोन इंच पोकळी ठेवून. फटी बारीक जाळीनं बंद करा, कारण रॉकवूल उंदरांना घरट्यासाठी फार आवडतं.

स्वस्त म्हणून थर्माकोल लावू नका. वेल्डिंगच्या ठिणगीनं ते पेटतं आणि जळते थेंब गाडीवर टपकतात. फोम भरलेलं पफ पॅनेल सुंदर काम करतं, पण तेही पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. वेल्डिंग करणार असाल तर रॉकवूलच. टिनावर तणस किंवा तुराट्या टाकायची गावाकडची रीत गुरांच्या मांडवाला ठीक आहे, गॅरेजला नाही.

टिन बसवताना रबरी वायसर असलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरा. आपल्याकडे मेच्या शेवटी येणारं वादळ जुन्या जे-हुकांची टिनं पत्त्यासारखी उडवतं.

छपराच्या कण्याची दिशा पूर्व-पश्चिम. दक्षिणेचा उतार सोलरसाठी राखून ठेवा. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती जोडणीवर ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनेल टिनापासून आठ इंच उचलून बसवले की विजेसोबत छपराला सावलीही मिळते. ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, हे मात्र लक्षात ठेवा. एलईडी दिव्यांसाठी छोटा इन्व्हर्टर वेगळा लागतो.

वारा

गरम हवा वर जाते, तिला वाट द्या. कण्यावर वाऱ्यानं फिरून गरम हवा बाहेर काढणारे दोन टर्बो व्हेंटिलेटर, उत्तरेच्या भिंतीत जमिनीलगत चार झरोके, नऊ बाय नऊ इंचांचे, बारीक लोखंडी जाळी लावलेले. मे महिन्यात रात्री सगळं उघडं टाका म्हणजे कोबा आणि भिंती गार होतात. सकाळी नऊच्या आत शटर आणि खालचे दोन झरोके बंद. जाड कोबा रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतो. उरलेले दोन झरोके बारा महिने उघडे राहतात, हिवाळ्यातसुद्धा, कारण पेट्रोलची वाफ तिथूनच बाहेर पडते.

कूलर उत्तरेच्या भिंतीत बसवा, पण एप्रिल-मेमध्येच वापरा. तेव्हा दुपारची हवा इतकी कोरडी असते की कूलरचं पाणी गाडीला त्रास देत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर बंद. जुलैच्या दमट हवेत कूलर लावला तर उघडे ब्रेक ड्रम आणि घासून ठेवलेला पत्रा दोन दिवसांत लाल होतो.

हिवाळ्याचं ऊन

हीटरचं अर्धं काम इथे फुकट होतं. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी बारालासुद्धा नागपूरच्या आकाशात सूर्य दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवरच असतो. मेच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, तो थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. या फरकाचा उपयोग करा. दक्षिणेच्या भिंतीत कामाच्या टेबलाच्या वर तीन फूट उंच खिडक्या ठेवा, आणि खिडकीच्या वर अर्धा फूट सोडून दीड फुटाचा छज्जा. डिसेंबरमध्ये छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या फूटभर भागावरच पडते, उरलेलं दोन फूट ऊन आत येऊन टेबलावर आणि कोब्यावर पसरतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सावली तीन फुटांच्या खाली उतरते आणि दुपारचं थेट ऊन काचेवर येणं बंद होतं. एक फूटपट्टी आणि कागद घेऊन स्वतः काढून पाहा, छज्जा कमी-जास्त करायचा असेल तर हिशोब लगेच कळतो.

काचा दिवसभर तापू द्या, संध्याकाळी पाचला आतून जाड पडदा ओढा. जुन्या गोधड्या शिवून केलेला पडदा दुकानातल्या पडद्यापेक्षा उबदार असतो.

हीटर

पूर्ण गॅरेज तापवायचं नाही, माणूस तापवायचा आहे. टेबलासमोरचा दहा बाय आठ फुटांचा कोपरा ताडपत्रीच्या सरकत्या पडद्यानं वेगळा करा आणि वर सात फुटांवर, तिरका, १५०० वॉटचा भिंतीवरचा इन्फ्रारेड हीटर लावा. तो हवा न तापवता समोरच्या वस्तू तापवतो: हात, पाठ, पाना. दोन तासांना तीन युनिट वीज. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीच्या रात्री मोजल्या तर बिलात फार मोठा फरक पडत नाही. हीटरपासून तीन फुटांत कपडा, रंग, थिनर काही नको.

पंखा असलेला हीटर घेऊ नका; तो खोलीतली हवा तापलेल्या कॉइलवरून ओढतो, आणि त्या हवेत पेट्रोलची वाफ असू शकते. पेट्रोलची टाकी, पंप किंवा कार्बोरेटर उघडायचा असेल त्या रात्री हीटर बंद आणि शटर उघडं. ते काम मी दिवसा करतो.

शेगडी, कोळसा, तेलाच्या डब्यातली शेकोटी बंद जागेत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. झोप आली असं वाटतं आणि माणूस उठत नाही. गाडी चालू करून कोपरा गरम करणंही तितकंच जीवघेणं. इंजिन ट्यून करायचं तर दोन्ही शटर उघडी आणि सायलेन्सरला बाहेर जाणारा लोखंडी पाइप.

हिवाळ्यात रंगाचं काम रात्री करू नका. प्रायमर गारठ्यात वेळेवर वाळत नाही आणि पहाटेचं दव त्याला पांढरट करतं. सकाळी दहा ते दुपारी तीन हीच वेळ.

वीज

महावितरणची जोडणी घरगुती फीडरवरची, शेतीपंपाच्या लाइनवरून ओढलेली नको. शेतीची थ्री फेज वेळापत्रकानं येते, आणि ती वापरणं नियमबाह्यही आहे. दोन एचपीपर्यंतचा कॉम्प्रेसर सिंगल फेजवर चालतो. वेल्डिंगला इन्व्हर्टर मशीन घ्या, ते कमी करंट ओढतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. सॉकेट जमिनीपासून तीन फुटांच्या वर. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता, उन्हाळ्यात कोरडी माती करंट वाहून नेत नाही. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की बॅटरी चार्जरचा प्लग काढून ठेवा.

आग आणि इंधन

आग विझवायचा सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दरवाजाशेजारी, दुसरा टेबलाजवळ, आणि कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येतं, तेही झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात, एका डब्यात २५ लिटरहून जास्त नाही. मी तेवढंही ठेवत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि साठवलं की पाणी तळाशी बसतं. पद्मिनी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाउल रिकामा करतो. तिचे जुने रबरी पाइपही इथेनॉल सोसणाऱ्या पाइपांनी बदलले. जुने आतून मऊ पडून फिल्टर तुंबवत होते.

उंदीर, साप आणि कुंभारीण

शटरच्या खाली बोटभर फट राहते, तिथे जाड रबरी पट्टी लावा. मण्यार रात्री अशाच फटीतून येते आणि उबदार कोपऱ्यात जाऊन बसते. हिवाळ्यात गाडीखाली सरकण्याआधी टॉर्च मारून पाहणं ही सवयच करा. उंदीर आणि घुशी वायरिंग कुरतडतात. सोयाबीनच्या गोण्या दोन दिवसांसाठीही गॅरेजमध्ये टेकवू नका. कुंभारीण माशी टाकीच्या हवेच्या नळीत आणि सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर करते. जीप एकदा अर्ध्या किलोमीटरवर बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची. दोन दिवस पंप खोलून बसलो आणि शेवटी टाकीच्या झाकणाच्या भोकात मातीचा गोळा सापडला. आता दोन्ही तोंडांवर बारीक जाळी आहे. वाळवीसाठी प्लिंथ भरतानाच औषध मारून घ्या, टेबल लाकडी असेल तर विशेष.

पहिलं वर्ष

गाडी आत आणली की बॅटरी काढून कोब्याच्या सावलीच्या बाजूला लाकडी पाटावर ठेवा. उष्णता बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं खाते. टायरना दर महिन्याला पाव फेरा फिरवा, नाहीतर एकाच जागी चपटे होतात. झाकायला सुती कापड, प्लास्टिक नको; प्लास्टिकखाली घाम साचतो. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस गेल्यावर आणि थंडी सुरू होताना, सकाळी गार कोब्यावर दमट हवेचं पाणी सुटतं. त्या पंधरा दिवसांत शटर सकाळी दहानंतरच उघडा, हवा कोरडी झाल्यावर.

आणि पोळ्याच्या आसपास, म्हणजे जमीन सगळ्यात जास्त फुगलेली असते तेव्हा, एक लांब सरळ पट्टी घेऊन कोब्याच्या चारही कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत फिरवा. पट्टीखाली कुठे फट दिसली तर खडूनं तारीख टाकून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. माझ्या नव्या कोब्यावर तीन पावसाळ्यांच्या खुणा आहेत, तिन्ही एकाच रेषेवर.